चढली नाही, मग चक्कर का?



आज दारूविषयी बोलायचं आहे, पण दारूबंदीविषयी नाही. उभी बाटली, आडवी बाटली हा विषय वेगळा, त्याला वेगळा वेळ देऊ. आज एक साधा प्रश्न घेतलाय. गटांच्या बैठकांतून तो वेगवेगळ्या तोंडांनी आमच्यापर्यंत येतो. कुणी म्हणते, "आमचे मालक सांगतात, मला चढलीच नाही, नुसती चक्कर येते." कुणी म्हणते, "काल प्यायले होते, आज थेंब घेतला नाही, तरी भिंत धरून चालतात." आणि एखादी बैठक संपल्यावर, बाकीच्या उठून गेल्या की हळूच विचारते, "ताई, लग्नात मोहाची घोटभर घेतली. नशा काही नव्हती, पण आडवं पडल्यावर घर गरगर फिरलं. हे काय?"

यावर घराघरात ठरलेली उत्तरं असतात. पुरुषाला "ढोसलीय, दुसरं काय?" आणि बाईला "शोभतं का हे तुला?" दोन्ही उत्तरांनी प्रश्न तिथेच मिटतो. आमचं म्हणणं असं, की तो तिथे मिटवू नये. नशा चढणं आणि चक्कर येणं या शरीरातल्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक नसताना दुसरी होऊ शकते. आणि कधी कधी चक्कर येण्यामागे दारूच्या नशेपेक्षा भलतंच, जिवावरचं कारण असतं. तोंडाला वास येतोय एवढ्यावरून ते कुणी बघतच नाही.

नशा म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. दारू रक्तातून मेंदूत जाते, मेंदूचा आवर घालणारा भाग सुस्तावतो, माणूस बडबडतो, रडतो, भांडतो. रोज पिणाऱ्याच्या मेंदूला याची सवय होते, म्हणून तो अर्धी बाटली पिऊनही नीट बोलू शकतो आणि "मला चढत नाही" म्हणून छाती काढतो. पण तोल सांभाळणारी मुख्य यंत्रणा मेंदूच्या त्या भागात नाहीच. ती कानात आहे.

कान ऐकायला असतो, तसाच तो तोल सांभाळायलाही असतो. कानाच्या आत खोलवर, कवटीच्या हाडात, अर्धवट वळवलेल्या बांगडीसारख्या तीन बारीक नळ्या आहेत. त्यांत पाण्यासारखा रस भरलेला असतो. प्रत्येक नळीत एका जागी खरवसाच्या पातळ कापासारखी लिबलिबीत झडप उभी असते. डोक्यावर भरलेली कळशी घेऊन आपण गर्रकन वळलो की कळशी वळते, पण आतलं पाणी क्षणभर मागेच राहतं, होय ना? तसंच डोकं वळलं की नळी वळते, रस मागे राहतो, त्या रसाने झडप वाकते, आणि झडपेखालचे बारीक केस मेंदूला कळवतात की डोकं वळलं. डोकं स्थिर, तर झडप सरळ. सरळ झडप म्हणजे मेंदूला निरोप, सगळं ठीक आहे.

आता यातली गोम ऐका. ही झडप आणि तो रस, दोन्ही एकसारख्याच वजनाचे असतात. त्यामुळे आपण उभ्या असू, कुशीवर असू, झडप ना तरंगते ना बुडते. भाताचं बी पेरणीआधी मिठाच्या पाण्यात टाकून आपण निवडतो. 10 लिटर पाण्याला 300 ग्रॅम मीठ. पोचट बी वर येतं, भरलेलं बी तळाशी जातं. पाण्यापेक्षा हलकं ते वर, जड ते खाली, एवढाच तो हिशेब. कानातली झडप मात्र धड हलकी नाही की जड नाही, म्हणून ती जागची हलत नाही.

दारू हा हिशेब मोडते. दारूतलं अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. 100 मिलिलिटर पाणी 100 ग्रॅम भरतं, तर तेवढंच शुद्ध अल्कोहोल सुमारे 79 ग्रॅम. झडपेच्या बुडाशी रक्ताच्या बारीक वाहिन्या अगदी जवळ आहेत, म्हणून प्यायल्यावर अल्कोहोल आधी झडपेत शिरतं. रसात ते सावकाश पोचतं. मधल्या वेळात झडप रसापेक्षा हलकी झालेली असते. माणूस आडवा पडला की ती पोचट बियासारखी वर ओढली जाते, वाकते, आणि मेंदूला खोटा निरोप जातो की डोकं फिरतंय. मेंदू तो निरोप खरा धरतो, डोळे झटके देत एका बाजूला सरकू लागतात, आणि आढं फिरताना दिसतं. यात नशेचा संबंध नाही. माणूस पूर्ण भानावर असू शकतो, नाव-गाव सांगू शकतो, तरी खाट फिरते.

असं साधारण प्यायल्यानंतर अर्ध्या-एक तासात सुरू होतं आणि तीन-चार तास राहतं. मग रसातही अल्कोहोल पोचतं, दोघांचं वजन पुन्हा जुळतं, गरगर थांबते. आणि दुसऱ्या दिवशीचं काय? रक्तातली दारू उतरायला लागते तशी ती आधी झडपेतून निघते, रसात मात्र मागे रेंगाळते. आता झडप जड आणि रस हलका. पुन्हा गरगर, पण उलट्या दिशेने. रक्तातली दारू पूर्ण संपल्यावरही ही उलटी गरगर काही तास चालते. "आज थेंब घेतला नाही तरी चक्कर" याचं एक उत्तर हे आहे. तो माणूस खोटं बोलत नसतो.

हे कुणी उगाच लावलेले तर्क नाहीत. तोल आणि कान यांचा संबंध उलगडल्याबद्दल रॉबर्ट बारानी या डॉक्टरांना 1914 सालचं नोबेल पारितोषिक मिळालं, आणि बातमी आली तेव्हा ते पहिल्या महायुद्धातले कैदी म्हणून रशियात होते. दारूने डोळे असे फिरतात हेही त्यांनी नोंदवलं होतं. पुढे 1974 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. साध्या पाण्यापेक्षा वजनाला जड असं खास पाणी असतं. ते प्यायला दिल्यावर माणसांना दारूच्या उलट दिशेने गरगरलं. म्हणजे सगळा खेळ वजनाचाच.

यावरून एक गोष्ट कळते, की सकाळी पुन्हा थोडी घेतली की बरं का वाटतं. सकाळच्या घोटाने झडप परत हलकी होते, तात्पुरती जुळवाजुळव होते. पिणाऱ्याला वाटतं, औषधच मिळालं. आमच्या मते व्यसन घट्ट होण्यात या सकाळच्या घोटाचा मोठा वाटा आहे. आणि ताक, लिंबू, काळी कॉफी, डोक्यावर गार पाणी यांनी दारू उतरत नाही. यकृत तिच्या गतीनेच ती साफ करतं. गरगरत असेल तर डोकं थोडं उंचावर ठेवावं, दिवा चालू ठेवावा, नजर एका वस्तूवर लावावी. डोळे मिटले, अंधार केला की गरगर वाढते. मात्र माणूस ग्लानीत असेल, उलट्या होत असतील, तर गरगर गेली खड्ड्यात, त्याला कुशीवरच वळवायचं. पाठीवर पडून उलटी घशात गेली तर श्वास कोंडतो.

कानाची चक्कर त्रासाची, पण सहसा जीव घेत नाही. इतर चकरांचं तसं नाही.

एक चक्कर उठताना येते. दारूने रक्तवाहिन्या सैलावतात. शिवाय दारू लघवी जास्त करवते, शरीरातलं पाणी कमी होतं. दिवसभर उन्हात ऊसतोड केली, पाणी कमी प्यायलं, संध्याकाळी बसून घेतली, आणि रात्री लघवीला ताडकन उठला, की रक्त पायांकडे उतरतं, मेंदूला कमी पडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस कोसळतो. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर हे आणखी सहज होतं. अशा माणसाने आधी उठून बसावं, दोन मिनिटं थांबावं, मग उभं राहावं, आणि लघवी बसून करावी. पुरुषांना यात कमीपणा वाटतो, वाटू द्या.

यापेक्षा कितीतरी जास्त भीती आम्हाला साखरेची वाटते. मधुमेहाची नव्हे, साखर उतरण्याची. आपण जेवलो नाही तरी रक्तातली साखर टिकते, कारण यकृत साठवलेली साखर सोडतं आणि साठा संपला की नवी तयार करतं. दारू आली की यकृत तिच्या मागे लागतं आणि नवी साखर करण्याचं काम बाजूला पडतं. दिवसभर पोटात काही नाही, साठा संपलेला, वर रिकाम्या पोटी दारू. मग साखर घसरते. लगेच नव्हे, पुष्कळदा काही तासांनी, रात्री किंवा पहाटे. माणसाला घाम फुटतो, हात थरथरतात, जीभ अडखळते, चिडचिड होते, चालताना तोल जातो, समोरच्याला ओळखत नाही. सांगा बरं, बघणाऱ्याला हे काय वाटेल? प्यायलेलाच वाटेल. वासही येतोय. "झोपू दे, उतरेल सकाळी" म्हणून अंगावर गोधडी टाकली जाते. आणि इकडे मेंदूला साखर मिळत नसते. ती फार वेळ मिळाली नाही तर माणूस बेशुद्ध होतो, झटके येतात, जीवही जातो.

मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांना किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड असल्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका फार मोठा. म्हणून घरात अशी गोळी चालू असेल तर तिचं नाव घरातल्या बाईला पाठ हवं. घाम आणि थरथर दिसली, माणूस शुद्धीत आहे, गिळू शकतो, तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. साखर नसेल तर गुळाचं पाणी. पंधरा मिनिटांत हुशारी आली तर भाकरी, भात काहीतरी खायला द्या आणि तरीही दवाखान्यात न्या, कारण दारू पोटात असताना साखर पुन्हा घसरू शकते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. 108 ला फोन करा. आणि एक लक्षात ठेवा: साखर मुळात उतरलेलीच नसेल, नुसती नशाच असेल, तरी त्या ग्लासभर साखरपाण्याने काही बिघडत नाही. न देण्याने मात्र बिघडू शकतं.

इथे कुणी विचारेल, हे आम्हीच का करायचं? पैसे त्याने उडवायचे, मार आम्ही खायचा, आणि वर रात्रभर जागून त्याची साखर आम्ही बघायची? प्रश्न रास्त आहे. आम्ही तुम्हाला सेवा करायला सांगत नाही. हात उगारणाऱ्या माणसापासून आधी स्वतःला आणि मुलांना लांब न्या, मग शेजाऱ्याला हाक मारा, त्याने बघावं. पण दाराशी पडलेला सासरा असेल, भाऊ असेल, मुलगा असेल, तर निर्णय शेवटी घरातल्या बाईवरच येऊन पडतो हे आपल्याला ठाऊक आहे. तो घेताना माहिती हाताशी असावी, एवढंच.

आता रोज पिणाऱ्याची, पण आज न प्यायलेल्याची झोकांडी. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचं जेवण कमी झालेलं असतं, आणि जे खातो त्यातलं बी-1 नावाचं जीवनसत्त्व दारूमुळे अंगी लागत नाही. ते फार कमी झालं की पाय फाकवून, हेलकावे खात चालणं, डोळे नीट न हलणं, गोंधळल्यासारखं बोलणं असं सुरू होतं. लोक म्हणतात, पुन्हा प्यायला. हा आजार आहे, त्याला वेळेत बी-1 ची इंजेक्शनं मिळाली तर माणूस सुधारतो, उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाते. अशा माणसाला नुसती ग्लुकोजची सलाइन लावून परत पाठवणं बरोबर नाही. "रोज पितो, जेवत नाही" हे डॉक्टरांना आपण होऊन सांगा, म्हणजे ते बी-1 आधी देतील.

रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तरीही चक्कर, थरथर, घाम येतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भास होऊ शकतात. गावात दारू बंद झाल्यावर किंवा नवस बोलून कुणी सोडली, की हे घडतं. काही घरांत "सोडवायची" म्हणून माणसाला खोलीत कोंडतात. असं करू नका. सोडणं डॉक्टरांच्या औषधाच्या आधाराने झालं तर सुखरूप होतं. व्यसनमुक्तीसाठी 14446 हा सरकारी मोफत नंबर आहे.

पडलेल्या माणसाचं डोकं नेहमी बघा. चार दिवसांपूर्वी पिऊन पडला होता, तेव्हा टेंगूळ आलं, नंतर बरा होता, आणि आता डोकं दुखतंय, झोप आवरत नाही, चालताना एका बाजूला जातो, तर कवटीच्या आत हळूहळू रक्त साचत असू शकतं. तसंच तोंड एका बाजूला वाकडं, एक हात वर उचलत नाही, जीभ जड, हा लकवा. लकवा प्यायलेल्या माणसालाही होतो. त्यात पहिले साडेचार तास फार मोलाचे असतात, म्हणून "उतरू दे आधी" म्हणून थांबायचं नाही.

आणि शेवटची चक्कर, सगळ्यात घातकी. हातभट्टीच्या किंवा बनावट दारूत मिथेनॉल नावाचं विष असलं तर. ते चवीला, वासाला दारूसारखंच. नशा थोडीच येते, आणि माणूस घरी येऊन नेहमीसारखा झोपतो. त्रास पुष्कळदा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो. डोकं दुखतं, चक्कर येते, पोटात कळा, उलट्या, दम लागतो, आणि डोळ्यांसमोर धुकं पसरल्यासारखं, पांढरं पांढरं दिसतं. जून 2015 मध्ये मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, बहुतेक मजुरी करणारी. त्याआधी 2004 साली विक्रोळीतही असंच झालं होतं. प्यायल्यानंतर दुसऱ्या दिवशी "मला दिसत नाही" असं कुणी म्हणालं, तर एक मिनिटही घरी थांबू नका. यावर मोठ्या दवाखान्यात उतारा आणि डायलिसिस मिळतं, पण वेळेत पोचायला हवं. त्याच्यासोबत जे कुणी प्यायले असतील त्यांच्या घरीही तेव्हाच निरोप द्या, त्यांना अजून त्रास सुरू झाला नसला तरी.

आता आपल्या, बायकांच्या बाजूला येऊ. एवढीशी घेतली तरी का लागते? आपल्या शरीरात पुरुषापेक्षा पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढीच दारू आपल्या रक्तात जास्त दाट होते. शिवाय महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, असं सरकारी पाहणीत आढळलंय. रक्त कमी असलं की उठता-बसता चक्कर तशीही येते. म्हणून मोहाची घोटभर घेऊन गरगरलेल्या बहिणीला आम्ही आधी हिमोग्लोबिन तपासायला सांगू. नैतिकतेचा तास घ्यायला बाकी गाव बसलेलंच आहे.

ज्या बायका दारूला हात लावत नाहीत, त्यांच्या पोटातही थोडं अल्कोहोल जातं, हेही सांगून ठेवतो. बाळंतिणीला देतात ते दशमूलारिष्ट, पाळीच्या तक्रारींसाठीचं अशोकारिष्ट, अशी आसवं-अरिष्टं आंबवूनच होतात. बाटलीवर बारीक अक्षरात 'स्वयंनिर्मित अल्कोहोल' असं प्रमाणासह लिहिलेलं असतं. सांगितलेले दोन चमचे, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर घेतले तर नशा येण्याइतकं त्यात काही नसतं. पण लवकर गुण यावा म्हणून उपाशीपोटी अर्धा कप घेणाऱ्या बायका आहेत. त्यात झोपेची, फिटची, रक्तदाबाची किंवा सर्दीची गुंगी आणणारी गोळी सोबत असली की चक्कर आलीच. पोटाच्या इन्फेक्शनला देतात त्या मेट्रोनिडॅझोल गोळीसोबतही दारू टाळायला सांगतात. डॉक्टरांना गोळ्या सांगताना काढ्याची बाटलीही दाखवा.

दवाखान्यात गेल्यावर काय सांगायचं, ते घरूनच ठरवून जा. शेवटचं जेवण कधी झालं. काय प्यायला, किती, किती वाजता. रोज पितो की कधीतरी. कोणत्या गोळ्या चालू आहेत. कुठे पडला होता का. चक्कर आडवं पडल्यावर येते, उठताना येते, की सतत आहे. डोळ्यांना कसं दिसतं. "प्यायलाय" एवढं एकच वाक्य सांगितलं तर तिथेही त्याला एका कोपऱ्यात झोपवून ठेवण्याची शक्यता आहे. साखर तपासायला बोटातला एक थेंब पुरतो, "आधी साखर बघा" असं बिनदिक्कत म्हणा. आणि हातभट्टीची होती म्हणून पोलिसांच्या भीतीने लपवू नका. उरलेली दारू ओतून टाकू नका, फुगा असो की बाटली, तोंड बांधून पिशवीत घाला आणि सोबत न्या.